माप आणि माया

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात माझ्या शर्टाचा प्रश्न निघतो. मुलीचे कपडे नवरात्रातच ठरलेले असतात, पत्नीची साडी हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा. तेव्हा शेवटी उरतो तो मी आणि माझा शर्ट. एरवी मी कराडातल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे जातो. यंदा मुलीने हट्ट धरला, "बाबा, या वर्षी तयार शर्टच घ्यायचा." आणि आम्ही तिघे कोल्हापूरच्या एका मोठ्या, गारगार दुकानात जाऊन उभे राहिलो.

"साइज काय, सर?" तिथल्या मुलाने विचारले.

"चाळीस," मी सांगितले. गेली बारा वर्षे मी चाळीसच सांगत आलो आहे. पाडव्याला सासुरवाडीहून शर्ट यायचा असला तरी चाळीस, शाळेच्या स्नेहसंमेलनाला सगळ्या मास्तरांचे एकसारखे शर्ट करायचे ठरले तरी चाळीस. माणसाला जशी जन्मतारीख असते तसे मला चाळीस आहे, अशी माझी समजूत.

शर्ट अंगात घातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये कापडाने एक डोळा उघडला. दाराबाहेरून तो मुलगा म्हणाला, "सर, बेचाळीस आणू का?" त्यात कुचेष्टा नव्हती, पण आवाज मोठा होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघा गिऱ्हाइकांनी वळून पाहिले.

"छे छे! हा अगदी बसतोय," मी म्हणालो. पैसे देऊन रस्त्यावर आलो तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, आता सोडा तो श्वास."

चेष्टेचा भाग सोडा. पण त्या रात्री मला खरोखरच झोप येईना. चाळिशी कधीच ओलांडलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला, मुलांना रोज खरे बोलावे म्हणून सांगणारा माणूस, ज्याचे तोंड पुन्हा पाहायचे नाही अशा एका पोराशी खोटे का बोलतो? त्यातून मिळवायचे काय होते? मिळाला तो श्वास घेता येणार नाही असा एक शर्ट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शर्ट घेऊन मी आमच्या शिंप्याकडे गेलो. त्यांची सत्तरी उलटली आहे. मी त्यांना मास्तर म्हणतो आणि ते मला गुरुजी म्हणतात, म्हणजे हिशेब फिटतो. त्यांनी शर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, हा चाळीस म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

"छाती. चाळीस इंच."

"छाती न्हवं. गळा."

त्यांनी कॉलर उलगडून टेबलावर सपाट ठेवली आणि बटणापासून काजापर्यंत टेप लावला. ४० सेंटिमीटर. म्हणजे पावणेसोळा इंच. अनेक कंपन्यांच्या कामावर घालायच्या शर्टांवर जो ३९, ४०, ४२ असा आकडा असतो तो गळ्याचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये. आणि दुकानात येणारे निम्मे लोक तो छातीचा इंच समजून छाती फुगवतात, हे मला या वयात कळले. बारा वर्षे ज्या आकड्याला मी कवटाळून बसलो होतो, तो नेमका कशाचा आहे हेच मला माहीत नव्हते! मग त्यांनी शर्ट पसरून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजले. साडेएकवीस. त्याची दुप्पट ४३. माझी छाती ४१ आणि पोट ४३. अंगाच्या मापापेक्षा शर्ट साधारण ४ इंच तरी सैल हवा, म्हणजे माणसाला हात वर करता येतो, खाली बसता येते, जेवता येते. अंगाबरोबरचा हवा असेल तर थोडे कमी, ऐसपैस हवा असेल तर थोडे जास्त. शर्टाचे माप आणि अंगाचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर म्हणजेच फिटिंग.

"मग कडेची शिवण उसवून थोडा मोठा करा की," मी म्हणालो.

त्यांनी शिवण उलटी करून दाखवली. आतली कडा बारीक कापून दुमडून बंद केलेली होती. "यात माया नाही, गुरुजी."

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. ज्या कोणी हा शब्द पहिल्यांदा कापडाला लावला त्याला माझा नमस्कार. वेदान्तातली माया वेगळी, आईची वेगळी. ही तिसरी बाहेरून दिसत नाही, आणि माणूस वाढला की उपयोगी पडते.

मास्तरांकडे माप द्यायला उभे राहणे हा एक सोहळा असतो. ते आधी खांदा घेतात. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती खाली ओघळली की माणूस दुसऱ्याचा शर्ट घालून आल्यासारखा दिसतो, आणि आत सरकली की बगलेत काचते. बाकी सगळे दुरुस्त करता येते, खांदा चुकला की शर्ट गेला, असे ते म्हणतात. मग बाही, हात जरासा कोपरात वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत. मग गळा, टेपच्या आत स्वतःची दोन बोटे घालून. मग छाती, लांबी. आणि सगळ्यांत शेवटी पोट. पण पोटाला टेप लावताना ते हटकून काहीतरी विचारतात. "मुलगी कितवीत आहे यंदा?" किंवा "तुमच्या शाळेच्या विहिरीला पाणी आहे का?" पुष्कळ वर्षे मला वाटे, म्हातारा बोलका आहे. त्या संध्याकाळी मी विचारले तेव्हा हसून म्हणाले, "उत्तर देताना माणसाला श्वास सोडावाच लागतो. तेवढ्यात मी आकडा घेतो."

आणि घेतलेला आकडा ते कधी उच्चारत नाहीत. तसेच वहीत लिहितात. पूर्वी हाताखाली एक पोर होता, त्याला सांगायचे तर कानाशी जाऊन सांगत. कापड किती आणायचे तेवढे मात्र मोठ्याने सांगतात: ३६ इंची पन्ह्याचे असेल तर पूर्ण बाहीला सव्वादोन मीटर, ५८ इंची असेल तर एक मीटर साठ, आणि शिवायच्या आधी भिजवून वाळवून आणा. (वजनमापांचा दशमान कायदा होऊन कितीतरी वर्षे झाली, १९५६ चा तो. कापड मीटरवर गेले, माणूस अजून इंचावरच आहे.)

"आकडा मोठ्याने का सांगत नाही?" मी विचारले.

"तो त्यांचा आहे. मला फक्त शिवण्यापुरता दिलाय."

हे ऐकले आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. कादंबरीतही घालण्याचे धैर्य झाले नाही.

मी दहावीपुढे शिकलो नाही. आमचे अण्णा दहावीला शेवटपर्यंत मॅट्रिक म्हणत. एका लहानशा खाजगी शाळेत मी कार्यानुभवाचा तास घेतो. कागदकाम, बटण लावणे, काज करणे, असे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला मी मोजमाप शिकवत होतो. मुलांनी एकमेकांच्या छातीचे माप घ्यायचे, मी ते नावासकट फळ्यावर लिहायचे, मग सगळ्यांनी सरासरी काढायची. शिंपीकाम आणि गणित एकाच तासात. मोठ्या हौसेने योजलेला पाठ होता. २७, २८, २६, ३० असे आकडे येत होते. एका मुलाचा आला ३८. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब मुलगा. मी खडू हातात घेऊन म्हणालो, "वा! याने एकट्याने वर्गाची सरासरी वर नेली!"

वर्ग खो-खो हसला. तोही हसला. हे मला जास्त लागले, पण तेव्हा नाही, नंतर.

दुसऱ्या आठवड्यापासून तो स्वेटर घालून येऊ लागला. एप्रिल महिना होता. कराडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना मी जास्त सांगायला नको. घामाने कानशिले भिजलेली, दोन्ही हात छातीवर घडी घालून बसलेला. मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस." तो म्हणाला, "काही नाही, सर." मास्तरांना पोरे जे "काही नाही" म्हणतात, त्यात किती काय असते, हे वीस वर्षे शिकवणाऱ्याला कळत नाही असे नाही.

आता प्रश्न असा, की माझे चुकले काय? आपल्याकडे 'मापात पाप' अशी म्हण आहे. ती खोटे माप देणाऱ्यासाठी आहे. दुधात पाणी, तराजूला चुंबक, धान्याच्या पायलीचा बूड वर उचललेला, हे ते पाप. पण मी आकडा अर्ध्या इंचाने बदलला नव्हता. माप बिनचूक होते. खरे तेच मी फळ्यावर लिहिले. तरी पाप झाले, याबद्दल मला स्वतःला तरी शंका नाही. मग ते कुठे झाले?

कुणी म्हणेल, विनोदात झाले. विनोद केला नसता तर बिघडले नसते. मला तसे वाटत नाही. विनोदाआधीच फळ्यावर ती रांग होती. मास्तर माप घेतात ते शर्ट शिवण्यासाठी. डॉक्टर मापतो तो औषध ठरवण्यासाठी. मला त्या मुलासाठी काहीही शिवायचे नव्हते. मी त्याचे माप घेतले नव्हते. माप काढले होते. मराठीत या दोन्हींचे अर्थ किती वेगळे आहेत!

आणि ती सरासरी! सरासरीचे वेड फक्त माझेच नव्हे. अॅडॉल्फ केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८४६ साली ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छात्यांची मापे मांडून दाखवली. सरासरी ४० इंचांच्या किंचित आत आली. त्याला वाटे, निसर्गाच्या मनात एक मधला माणूस असतो, आणि आपण बाकीचे सगळे त्याच्या कमीअधिक चुकलेल्या नकला. विचार मोठा देखणा आहे. फक्त त्यात ज्याची छाती ४६ आहे तो जन्मतःच चूक ठरतो. पुढे शंभर वर्षांनी, १९५० साली, अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची अंगे मोजली. विमानातली बैठक 'सरासरी' वैमानिकासाठी केली तर ती बहुतेकांना बसेल, असा समज होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, बाही अशी १० मापे घेतली, 'सरासरी'चा अर्थही सैल लावला, मधले ३० टक्के सगळे सरासरीतच धरले, आणि मग दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक शोधले. १९५२ च्या त्याच्या अहवालातले उत्तर होते: एकही नाही. ४,०६३ मध्ये एकही नाही! ज्याची छाती मधली त्याचा हात लांब, ज्याचा हात मधला त्याची मान आखूड. मग खुर्ची आणि पट्टे मागेपुढे सरकतील असे करण्याकडे कल वळला. आमच्या मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी विमानात माया ठेवली.

आपल्याकडे अजून शर्टांची मापे परक्या अंगांवर बेतलेली आहेत, म्हणून भारतीय अंगे मोजण्याची योजना २०१८ साली जाहीर झाली. सहा शहरांतली, १५ ते ६५ वयाची २५,००० माणसे मोजायची असे ठरले होते. चांगलीच गोष्ट आहे. पण तक्ता कितीही देशी झाला तरी तो तक्ताच, आणि दुकानात मी एकटाच जाणार.

त्या वर्गाच्या बाबतीत माझे असे झाले, की माप उघड करणे हे मला दुष्टपणाचे वाटू लागले. मग उलटा प्रश्न आला. खोटे माप सांगून माणसाला खूश ठेवावे का? परदेशी कपड्यांच्या व्यापारात हे सर्रास चालते. कापड मोठे कापायचे आणि पट्टीवर आकडा लहान लावायचा, म्हणजे गिऱ्हाईक आरशासमोर सुखावते. इंग्रजीत त्याला व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. याचा मला राग येतो. माझ्या दुबळेपणावर कोणी पैसे मिळवतो आहे, हे कळल्यावर येणारा राग. पण हा राग पुरता प्रामाणिक आहे का? कारण तशीच एक गोष्ट आमच्या घरात घडली, आणि तिच्याबद्दल मला कधी राग आला नाही.

२०१६ साली अण्णा आजारी पडले. रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन चार मित्रांत बसायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. आजारात ते भराभर वाळत गेले. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबू लागले, आणि एके दिवशी कुणीतरी घाटावर म्हणाले, "काय हो, किती उतरलात!" अण्णांनी जाणे बंद केले. आईने काही विचारले नाही. ती एक एक शर्ट पिशवीत घालून मास्तरांकडे नेई, ते कडांनी आत घेत, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट इस्त्री होऊन कपाटात. अण्णांनी शर्ट घातला तर अंगाबरोबर बसलेला. ते पुन्हा घाटावर जाऊ लागले. तीन महिन्यांत दोनदा असे आत घ्यावे लागले.

ही फसवणूक नव्हती का? कंपनी मला आकडा लहान दाखवते, आईने अण्णांना शर्ट मोठा वाटू दिला नाही. दोन्हीकडे माणसापासून त्याचेच माप लपवले. हेतूचा फरक आहे, हे खरे. पण हेतू चांगला म्हणून खोटे चालते, असे मी वर्गात कधी शिकवलेले नाही, आणि शिकवणारही नाही. मी हे मास्तरांना परवा बोलून दाखवले. ते जरा दुखावल्यासारखे झाले.

"मी खोटं कुठं शिवलं, गुरुजी? अंग जेवढं होतं तेवढाच शर्ट केला. खोटा झाला असता तो सैल ठेवला असता तर."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शर्ट खरा होता. लपवली ती फक्त बातमी. पण बातमी लपवणे हेही लपवणेच. मला एवढेच म्हणता येते, की आई अण्णांना कुठल्या गोष्टीपासून अडवत नव्हती. औषधे चालू होती, डॉक्टर जे सांगत ते अण्णांसमोरच सांगत. तिने लपवले ते त्यांना घराबाहेर पडता यावे एवढ्यापुरते. तरीही मनाच्या एका कोपऱ्यात टोचणी राहिली असती, जर एक प्रसंग घडला नसता तर.

एका संध्याकाळी अण्णा शर्टाची बटणे लावत होते. मी समोर बसलो होतो. त्यांनी कडेच्या नव्या शिवणीवरून अंगठा फिरवला, दोरा जरा वेगळ्या रंगाचा होता, आणि म्हणाले, "कापड भारी आटतंय बरं का. अगदी माझ्याबरोबर चाललंय." आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेले की नाही कोण जाणे. त्यांनी काठी घेतली आणि निघाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होते. कोण कुणाला सांभाळून घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

परवा मास्तरांनी माझा नवा शर्ट घडी करून परत दिला. तो आता भाच्याला जाईल. त्याला ४० बरोबर बसतो, गळाही आणि छातीही. मग वहीची मागची पाने चाळत ते म्हणाले, "वडलांचा एखादा शर्ट ठेवलाय का? ते आजाराआधी अंगाने तुमच्याएवढेच होते. मी आत घेतले, पण कापलं नव्हतं काही. म्हटलं, बरे झाले तर उसवून देऊ."

घरी आलो. आईने ट्रंकेतून एक निळ्या रेघांचा शर्ट काढून दिला, काही न बोलता. मास्तरांनी माझ्यासमोर दोन्ही कडांच्या शिवणी उसवल्या. आत बोट-बोटभर कापड घडी घालून बसले होते. नव्याने शिवताना त्यांनी माझे माप पुन्हा घेतले आणि पोटाला टेप लावताना विचारले, "आई बऱ्या आहेत ना?"

पहिल्या आंघोळीनंतर मी तोच घालणार आहे. बाही अर्धा इंच आखूड पडते, ती दुमडून घेईन. मुलीला तो पसंत नाही. दोन्ही कडांना, जिथे इतकी वर्षे ऊन लागले नाही, तिथे कापड अजून गर्द निळे आहे, आणि तेवढे दोन पट्टे उठून दिसतात. दोन धुणी झाली तरी ते गेलेले नाहीत. हात खाली सोडून उभे राहिले की दिसत नाहीत.